शारजातला जळगाव जिल्हा

मी बोदवडची. म्हणजे जन्मले पुण्यात, वाढले कोथरूडला आणि लग्न होऊन आले ती थेट शारजाला. बोदवड मी आजतागायत पाहिलेलं नाही. तरी परवा ऑफिसात माझ्या डेस्कवरचा स्टेशनच्या पाटीचा फोटो बघून एक नवीन मुलगा म्हणाला, "मॅम, ये बोदवड कौनसा कोना है?" तर मला असा काही राग आला म्हणून सांगू! "कोना काय कोना? तालुका आहे तो, तालुका!" असं मी त्याला चक्क मराठीत सुनावलं. तो बिचारा लखनौचा. सॉरी म्हणून पाणी प्यायला गेला.

हा आजार मला आप्पांनी लावला.

आप्पा आमच्या मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये राहायचे. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. उंच, वाळकुडे, आणि थंडी पडली की घरातसुद्धा कंपनीचं नारिंगी पट्ट्यांचं जॅकेट घालून बसायचे. आम्ही तिघं या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्याच सकाळी लिफ्टमध्ये भेटले. नाव नाही, गाव नाही, नमस्कार नाही. एकदम म्हणाले, "आज जळगाव चव्वेचाळीस. इथं बेचाळीसच."

मी म्हटलं, "अच्छा."

"यांना जमत नाही," असं म्हणून ते पार्किंगच्या मजल्यावर उतरून गेले.

मग रोजचंच झालं ते. सकाळी आठच्या बातम्या ऐकाव्यात तसं मी लिफ्टमध्ये जळगावचं तापमान ऐकायचे. जळगाव पुढे असलं की स्वारी खूश. शारजा पुढे गेलं की गप्प. एकदा मीच मुद्दाम डिवचलं, "काय आप्पा, आज शारजा शेहेचाळीस म्हणे!" तर म्हणाले, "दमट आहे ते. दमट धरत नाहीत. आमचं ऊन कोरडं असतं, प्रामाणिक. समोरून मारतं." आता उन्हाचासुद्धा अभिमान धरणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला.

सुपरमार्केटमध्ये त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. केळ्यांपाशी थांबायचे. एक फणी उचलायची, त्यावरचं स्टिकर वाचायचं आणि खाली ठेवताना म्हणायचं, "फिलिपिन्स. बिचारं." एखादं पोर आजारी असावं असा आवाज. तिथला सेल्समन त्यांना ओळखून होता. तो दुरूनच म्हणायचा, "आप्पा, आज भी इंडिया का नहीं आया." आप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "इन्शाल्ला." आणि केळी न घेता बाहेर.

आम्ही आल्यावरच्या पहिल्याच जानेवारीत त्यांनी बेल वाजवली. "येत्या शुक्रवारी जळगाव जिल्हा दिन आहे. तिघांनी यायचं."

मी म्हटलं, "अहो, पण आम्ही पुण्याचे."

"मग काय झालं? काही आजार थोडाच आहे?"

"तसं नाही हो. पण असा काही जिल्हा दिन असतो का?"

"महाराष्ट्र दिन असतो?"

"असतो."

"मग महाराष्ट्र कशाचा झालाय? जिल्ह्यांचाच ना?" मग स्वतःच जरा मऊ होऊन म्हणाले, "सरकारला सुचलं नाही. मला सुचलं. तारीख वांगी ठरवतात."

वांगी म्हणजे भरिताची. भरीत म्हणजे जळगावचं. बाकी सगळीकडे त्याला वांग्याची भाजी म्हणतात, असं आप्पांचं ठाम मत होतं. थंडीत बाजारात चांगलं वांगं दिसलं की येणारा शुक्रवार जिल्हा दिन. ते वांगं त्यांना हातात हलकं लागायचं, कमी बियांचं लागायचं, आणि ते निवडताना दुकानात कुणी बोललेलं चालायचं नाही. तिकडे शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजतात. इथे कपाशी कुठून आणणार? एकदा गावाकडच्या ओळखीतून बॅगेत भरून मागवल्या, तर एअरपोर्टवरच्या माणसाने विचारलं, हे काय? आणणारा घाबरून म्हणाला, वांगी. त्याने बॅग उलथीपालथी केली, वांगी काही सापडली नाहीत, काड्या मात्र गेल्या. तेव्हापासून आप्पा खजुराच्या वाळक्या झावळ्या जमवायचे. आमच्या बाल्कनीतसुद्धा ठेवून जायचे. पण भरीत खाताना दरवर्षी एकदा तरी म्हणायचेच, "धूर बरोबर नाही. कपाशीचा धूर वेगळा." ते ऐकल्याशिवाय जेवण पूर्ण व्हायचं नाही.

शारजाबाहेर मलीहाच्या रस्त्याला, गाड्या ठेवून थोडं आत वाळूत गेलं की आमची जागा. दोन टेकाडांच्या मध्ये फडका बांधायचा: जळगाव जिल्हा दिन. त्यावर साल नव्हतं. "दरवर्षी कोण छापत बसणार?" आणि त्या फडक्याखाली जमायचं कोण? आम्ही पुण्याचे. तिसऱ्या मजल्यावरचे मल्याळी अकाउंटंट. आप्पांच्या कंपनीची बस चालवणारा पेशावरकडचा खानभाई. आणि आप्पा. म्हणजे जळगाव जिल्ह्यातला माणूस मोजायला गेलं तर एक.

त्याची सोय आप्पांनी केलेली होती. विस्तव पेटायच्या आधी ते प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे आणि त्याला गाव द्यायचे. त्या दिवसापुरतं ते तुमचं गाव. नावाने हाक मारायची नाही, गावाने मारायची. आपल्या गावाबद्दल चांगलं बोलायचं, शेजारच्या गावाशी थोडं भांडायचं, आणि पुढच्या वर्षी येताना आपल्या गावाची एक नवीन माहिती आणायची. एकदा दिलेलं गाव बदलत नाही.

मल्याळी साहेबांना चोपडा. खानभाईंना रावेर. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता. अमळनेर." तो फुलला. मग माझ्याकडे वळले, नीट बघितलं आणि म्हणाले, "बोदवड."

"का हो, मलाच का बोदवड?"

"बोदवडला पाणी कमी. तिथली माणसं जपून बोलतात. तुला शिकायला बरं."

सगळे हसले. नवरा तर जास्तच हसला. मी दिवसभर फुगून होते, पण संध्याकाळी कधी तरी खानभाई म्हणाले, "हमारे रावेर का केला सबसे अच्छा." तर माझ्या तोंडून निघून गेलं, "और हमारे बोदवड का कपास?" आप्पांनी माझ्या ताटात अजून एक कळण्याची भाकरी वाढली. मला वाटतं, त्या क्षणी मी गेलेच.

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची. तिने हात पुढे केला. आप्पांनी तिला गूळ दिला, गाव दिलं नाही. "पोरं सगळी भुसावळ," म्हणाले. "जंक्शन आहे. गाडी कुठं जाणार ते अजून ठरायचंय."

या पोरीला खरं म्हणजे आप्पांनी वाढवलं. मी आणि नवरा दोघेही दुबईला नोकरीला. संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर गाड्या अशा तुंबतात की घरी पोचेस्तोवर जीव मेटाकुटीला येतो. आप्पांची सकाळची पाळी, ते चारला घरी. तिची स्कूल बस खाली थांबायची तेव्हा ते जॅकेट घालून उभे. तिला वर न्यायचे, खायला घालायचे, पाढे म्हणून घ्यायचे. ते मराठीत बोलायचे, ही इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघांचं छान चाललेलं असायचं.

एकदा घरी आले तर ही रडून बसलेली. शाळेत कसला तरी देशोदेशींचा कार्यक्रम होता. टीचरने विचारलं, "व्हेअर आर यू फ्रॉम?" ही म्हणाली, शारजा. टीचर म्हणाली, "नो डिअर, व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?" आता काय सांगणार? जन्म इथला, पण इथली नाही. पासपोर्ट भारताचा, पण भारतात गेली ती उन्हाळ्यात, आजीकडे आंबे खायला. मी आपलं "पुणे म्हणायचं, बाळा" असं म्हटलं, तर म्हणाली, "बट दॅट्स यू, मम्मा."

आप्पा तिच्यासमोर मांडी घालून बसले. "उद्या टीचरला सांग, भुसावळ. जंक्शन आहे म्हणावं." दुसऱ्या दिवशी कार्टीने खरंच सांगितलं. वर फळ्यावर रेल्वेचे रूळ काढून दाखवले. टीचरने स्टार दिला.

हे असं सगळं मजेत चाललेलं असताना एका वर्षी घोटाळा झाला. खरा जळगाव जिल्ह्यातला माणूस आला.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात नवीन लागलेला इंजिनिअर. मूळचा चोपड्याचा! नवऱ्याला वाटलं, आप्पांना केवढा आनंद होईल. घेऊन आला. आप्पांनी त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि विचार करायला लागले. तो म्हणाला, "मी चोपड्याचा आहे, काका."

"चोपडा दिलेलं आहे," आप्पा म्हणाले.

"दिलेलं आहे म्हणजे? माझं घर आहे तिथं."

तेवढ्यात मल्याळी साहेब उठून उभे राहिले. एरवी इतका सज्जन माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. पण म्हणाले, "देखो भाई, चोपडा मेरा है. दूसरा कुछ ले लो." आणि त्यांनी आपल्या चोपड्याची जत्रा, मिरची, सातपुड्याचा रस्ता असं सगळं धडाधड म्हणून दाखवलं. तो मुलगा बघतच राहिला. त्याने आप्पांकडे बघितलं. आप्पा शांतपणे म्हणाले, "तू तिथं जन्मलास, त्यात तुझं काही नाही भो. यांनी सांभाळलंय. तू जामनेर घे."

आम्ही सगळे हसत होतो. तोही हसला, जामनेर घेतलं. पण जेवताना सहज बोलायला लागला. काका, तुम्ही सांगता ते टॉकीज पडलं. तो रस्ता आता हायवेत गेला. तुमच्या गावाकडचा फाटा आता ओळखू येत नाही. तो अगदी आपुलकीने सांगत होता. मग म्हणाला, "तुम्ही शेवटचे कधी गेला होतात, काका?"

आप्पा उठून विस्तवापाशी गेले आणि भाजून झालेलं वांगं परत भाजत बसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांत आप्पा गावी गेलेले मला आठवत नाहीत. सुट्टीत लेकाकडे जर्मनीला जायचे, नाहीतर घरीच. काकू आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या, त्याही इथे, शारजाच्याच हॉस्पिटलात. गावाकडचे भाऊ-वहिनी गेले, घराला कुलूप. आणि एक गोष्ट मला आधी कधी सुचलीच नव्हती. सगळ्यांना गावं वाटणारे आप्पा आपलं स्वतःचं गाव कुणालाच देत नसत. तापीकाठचं छोटंसं गाव आहे. मी एकदा विचारलंही होतं. तर म्हणाले, "ते शिल्लक राहू दे."

मग कंपनीने त्यांना निवृत्त केलं. वय झालं होतं, त्यात कुणाची चूक नाही. पण इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की माणसाने बॅग भरायची. तीस वर्षं राहिलात की तीन, हिशेब तोच. मला आपलं वाटत होतं, आप्पांसारखा सुखी माणूस नाही. ज्या जिल्ह्याचा जप केला तिथेच चालले. मी हौसेने म्हणालेसुद्धा, "आता काय बाबा, रोज खरं भरीत! खऱ्या धुराचं!"

आप्पा आमच्या बाल्कनीत झावळ्या आवरत होते. तिथेच खाली बसले. म्हणाले, "मला भीती वाटून राहिली."

"कसली हो?"

"इथं मी जळगावचा आहे. लिफ्टमधल्या माणसाला माहीत, केळीवाल्याला माहीत. तिथं गेल्यावर मी कुठला? सगळेच जळगावचे. माझ्याशी कोण बोलणार?" मग हातातली झावळी बाजूला ठेवून म्हणाले, "ही इथं गेली. लग्न होऊन आमच्या गावी आली होती, त्या घराची तिला फार हौस. दरवर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी कायमचं जाऊ. मीच पुढं ढकलत राहिलो. आता त्या कुलपाची किल्ली घेऊन एकटा जाऊ?"

सांत्वन मला जमत नाही, मला रागवता येतं. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही खानभाईंना रावेरचं केलंत. मला बोदवडची केलीत. आणि स्वतःला एक गाव लावता येणार नाही होय तुम्हाला?" बोलताना रडायला आलं, म्हणून मी चहा टाकायला आत गेले. चहात साखर दोनदा पडली. त्यांनी गपचूप प्यायला.

त्यांचा शेवटचा जिल्हा दिन त्याच महिन्यात झाला. वांगी काही फार चांगली नव्हती, पण थांबायला वेळ नव्हता. फडका लावला. गूळ-शेंगदाणे वाटले. चोपडा, रावेर, अमळनेर, जामनेर, बोदवड. माझी लेक आता बारावीत. पुढे पुण्याला शिकायला जाणार होती, आणि तिथे आपल्याला सगळे एनआरआय म्हणून चिडवणार, या विचाराने आधीपासूनच धुसफुसत होती. सवयीने तिने हात पुढे केला. आप्पा म्हणाले, "तुझी गाडी आता सुटणार. जंक्शन पुरे."

आणि त्यांनी तिला आपलं गाव दिलं.

खानभाईंनी टोपी नीट केली. ती म्हणाली, "बट आप्पा, दॅट्स युवर्स. व्हॉट डू आय हॅव टू डू?"

"काही नाही. कुणी विचारलं तर सांगायचं."

त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आता तिचं आहे, तिला विचारा.

आप्पा मार्चमध्ये गेले. खानभाईंनी कंपनीची बस नाही, स्वतःची गाडी काढून एअरपोर्टला सोडलं. त्यानंतर मी फोन करायचे, तर "बरा आहे" एवढंच. जेवण? "होतं." घर? "आहे." तापमान सांगायचे नाहीत. त्याचीच मला फार काळजी वाटायची. एप्रिल गेला, मे गेला, जळगाव पंचेचाळीसवर गेलेलं मी बातम्यांत वाचलं, आणि या माणसाने एका शब्दाने सांगितलं नाही. लेक ऑगस्टमध्ये पुण्याला गेली. जानेवारीत जिल्हा दिन आम्ही केला. वांगी मी निवडली, मल्याळी साहेबांनी ती जाळली. आप्पांना व्हिडिओ कॉल लावला, तर हसले, पण नेटवर्कच्या नावाखाली लवकर ठेवून दिला.

आणि या मे महिन्यात सकाळी सात वाजता फोन वाजला. "शारजाला किती?"

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "आप्पा?"

"किती ते बघ ना पटकन."

मी बघितलं. "त्रेचाळीस होणार म्हणतायत."

"दमट?"

"दमट."

"शाब्बास," म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

खरा प्रकार लेकीकडून कळला. परीक्षा संपल्यावर ही बया मला न विचारता पुण्याहून बस पकडून आप्पांकडे गेली. तिथून तिने फोन केला. मागे नुसता गलका. म्हणाली, "मम्मा, यू वोन्ट बिलीव्ह. इट्स शारजा डे."

झालं होतं असं, की गावात आप्पांना सगळे 'दुबईवाले' म्हणायचे. आप्पा सांगायचे, दुबई नाही, शारजा. वेगळं आहे. लोक म्हणायचे, तेच ते. वर्षभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एक दिवस पारावर कुणी तरी परत "दुबईवाले आप्पा" म्हणाला आणि यांचं डोकं फिरलं. त्यांनी शारजा दिन जाहीर केला. भर उन्हाळ्यात, कारण शारजा थंडीत कळत नाही म्हणे. घराचं कुलूप वर्षभरापूर्वीच निघालं होतं, पण अंगण पहिल्यांदा झाडलं. फडका बांधला. आलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक खजूर ठेवला आणि शारजातलं गाव दिलं. सरपंच रोला. पोस्टमन मुवेला. दूधवाली मावशी हमरिया, कारण ती पहाटे उठते. माणसं आधी हसली, मग भांडायला लागली. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, आणि आप्पा पहिला घास घेऊन म्हणाले, "धूर बरोबर नाही. खजुराचा धूर वेगळा."

माझी लेक तिथे पोचली तेव्हा वाटप झालं होतं. ती म्हणाली, आप्पा, मला अल नाहदा द्या, माझी बिल्डिंग तिथेच आहे. तर शेजारचे एक म्हशीवाले आजोबा काठी आपटून उभे राहिले. "नाहदा माझं आहे. सकाळी दिलंय मला."

"बट आय वॉज बॉर्न देअर!" ही म्हणाली.

आजोबा ऐकेनात. सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा म्हणाले, "भांडू नका रे. पाहुण्यांना द्यायची गावं आहेत ती. ही कुठं पाहुणी आहे? ही आपल्या गावची."

एवढं ती मला धडाधड इंग्रजीत सांगत होती आणि मी बाल्कनीत उभी राहून ऐकत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही सुचलं नाही. मागून कुणा बाईचा आवाज आला, बहुधा त्या दूधवाल्या मावशीचा. "कोणाशी बोलून राहिली गं पोरी?"

आणि माझी लेक, जिने जन्मात मला मराठीत उत्तर दिलं नाही, ती म्हणाली, "माझी आई आहे. बोदवडची."

"हो का? मग जवळच आहे की," मावशी म्हणाली. "ये म्हणावं जेवायला."

मी म्हटलं, "येते."